तळहाताएवढं भोक

एसी बसवणारा पाइपाभोवती एवढं मोठं भोक तसंच ठेवून गेला आणि तुम्ही त्याच्याच खाली गाद्या टाकून लोळताय. धन्य आहे तुमची. आधी त्यात एखादं फडकं कोंबा, मग बसा. दिवा राहू दे बंद. आता काका कुरकुर करतोय म्हणून हसताय ना, हसा. गोष्ट संपली की बघू कोण त्या भिंतीकडे पाय करून झोपतं ते.

ही कुणाच्या तरी मामाच्या मित्राची ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर गुदरली तो माणूस अजून माझ्याबरोबर चहा पितो. त्याला आम्ही बुजवणे म्हणतो. आडनाव नाही ते, त्याचा धंदा आहे. आयुष्यभर भिंतींची भोकं बुजवत आला.

आता यात कसला धंदा, असं वाटेल तुम्हाला. अरे, मोठी इमारत बांधताना आधी भिंत घालतात आणि मग तिला भोकं पाडतात. पाण्याला, सांडपाण्याला, वायरींना. आग लागली की धूर त्याच भोकांतून पुढच्या खोलीत शिरतो. आगीनं माणसं मरतात त्याहून जास्त धुरानं मरतात. म्हणून ती भोकं नीट बुजवायची. कशानं बुजवायची ते आधी भट्टीत जाळून बघितलेलं असतं. अशी भिंत, असा पाइप, एवढी फट, एवढा माल. दोन तास जाळायचं, टिकलं तर पास. पण प्रत्यक्ष कामावर भट्टीतल्यासारखं काहीच नसतं. पाइप तिरका, फट दुप्पट, मध्येच बीम. मग बुजवणेसारखा इंजिनिअर जाऊन बघतो, जाळून पाहिलेल्यांपैकी कुठलं याच्या जवळ जातं ते ताडतो, माल किती वाढवायचा ते ठरवतो आणि सही करून लिहून देतो की बाबांनो, हे जाळून बघितलेलं नाही, पण टिकेल. त्याला जजमेंट म्हणतात. एकाच जागेपुरतं असतं ते. शेजारच्या भोकालाही चालत नाही.

आता न जाळलेल्या गोष्टीवर सही करायची म्हणजे केवढी जोखीम. पण लोकांना ते रजेच्या अर्जासारखं वाटतं. द्या की एक, तुमचं काय जातंय. हे वाक्य ऐकून ऐकून बुजवणेचे केस गेले.

तर त्या वर्षी त्याला एका जुन्या वृद्धाश्रमाच्या दुरुस्तीचं काम आलं. तिसऱ्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेली माणसं. आग लागली तर त्यांना जिन्यानं खाली कोण आणि कसं नेणार? म्हणून मजल्याच्या मधोमध एक भिंत असते. एका बाजूला आग लागली की खाटा ढकलत दुसऱ्या बाजूला न्यायच्या, दार लावायचं, आणि बंब येईपर्यंत त्या भिंतीच्या भरवशावर बसायचं. दोन तास. डाव्या अर्ध्या भागात आता धोबीखाना करायचा होता, कपडे वाळवायची मोठाली यंत्रं, चादरींचे गठ्ठे. उजव्या अर्ध्या भागात माणसं राहतच होती. भिंतीला लागून जी शेवटची खोली, तिच्यात बुजवणेची मावशी होती.

मावशी म्हणजे त्याची आईच म्हणा. आई लहानपणी गेली, हिनं वाढवला. खुब्याचं हाड मोडल्यावर हिनंच हट्ट धरला, की तुझ्या त्या चौथ्या मजल्यावर मला कोंडू नकोस, लिफ्ट नाही, काही नाही, मला तिथे ठेव. त्यामुळे बुजवणेसाठी ते काम म्हणजे नुसतं काम नव्हतं. ती भिंत गळकी राहिली तर धूर पहिल्यांदा कुठे जाणार, हे त्याला झोपेतही माहीत होतं.

पहिल्याच दिवशी मावशीनं तक्रार केली. "अरे, पलीकडे कुणाला ठेवलंय? रात्रभर खोकतो बिचारा."

"मावशी, पलीकडे कुणी नाही. काम चाललंय तिथे. कुलूप असतं रात्री."

"मग कुलपात खोकतो," मावशी म्हणाली आणि कूस बदलायला त्याचा हात मागितला.

खरा त्रास होता ठेकेदाराचा. छताखाली खोटं छत, त्याच्या आत हवेचा भलामोठा पत्र्याचा डक्ट भिंतीला खेटून नेलेला. समोरची सात भोकं दिसत होती, ती कशीबशी जमण्यातली होती. पण डक्टच्या मागे काय आहे ते अलीकडून कुणालाच दिसत नव्हतं, आणि पलीकडून बीम आड येत होता. बुजवणे म्हणाला, डक्टचा एवढा तुकडा एक दिवस उतरवा, मला मागची भिंत बघू द्या. ठेकेदारानं असा चेहरा केला की जणू यानं त्याची किडनी मागितली.

"मागे काही नाही हो. कोरी भिंत आहे."

"बघितलीत तुम्ही?"

"बघायचं काय त्यात? कोरी म्हणजे कोरी. तुम्ही सबंध भिंतीचं एक जजमेंट द्या आणि मोकळे करा आम्हाला. उद्घाटनाची तारीख लागलीय."

"न बघितलेल्या भिंतीचं जजमेंट नसतं."

"तुम्हीच तर म्हणता ना, जाळून न बघता देता येतं. मग डोळ्यांनी न बघता का नाही देता येत?"

आता याला काय उत्तर द्यायचं, सांगा. बुजवणेनं डोक्याला हात लावला. ऑफिसात त्याच्या साहेबांकडे गेला, तर साहेब म्हणाले, गिऱ्हाईक मोठं आहे, जरा समजून घे. ठेकेदार म्हणाला साहेबांशी बोला, साहेब म्हणाले ठेकेदाराशी बोल. आठवडाभर नुसती टोलवाटोलवी. माणूस रडकुंडीला आला. शेवटी त्यानं ठरवलं की आपणच बघायचं.

डक्ट न काढता बघायची एक साधी रीत आहे. अलीकडे पूर्ण अंधार करायचा, पलीकडे कुणीतरी टॉर्च घेऊन भिंतीवरून फिरवायची. जिथून उजेड येतो, तिथून धूर येणार. पण दिवसा आश्रमातला कॉरिडॉर अंधारा कसा करणार? म्हाताऱ्या माणसांचं जाणं-येणं. म्हणून रात्र.

मंगळवार होता. रात्रीचे पावणेबारा. सगळे झोपले होते. बुजवणेनं बरोबर वायरमनला घेतलं होतं. मधल्या दाराला अजून प्लायवूड ठोकलेलं, त्यामुळे पलीकडे जायचं तर खाली उतरून, वॉचमनकडून चावी घेऊन मागच्या जिन्यानं वर यायचं. वायरमननं कॉरिडॉरचे दिवे बंद केले, टॉर्च आणि शिडी खांद्यावर घेतली आणि तो खाली गेला. बुजवणे आपल्या शिडीवर चढला, छताची एक पाटी सरकवली आणि डोकं आत घातलं. आत धुळीचा वास. मिट्ट काळोख. मावशीच्या खोलीतून तिचं घोरणं येत होतं, तेवढाच काय तो आवाज.

थोड्या वेळानं पलीकडे काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. टेबल ओढावं तसं.

"पोचलास का रे?"

मग खोकला. आणि मग, "हं."

"धूळ फार आहे ना? रुमाल बांध. आणि टॉर्च लाव, डावीकडून सुरू कर."

उजेड आला. पहिल्या भोकातून एक बारीक रेघ. बुजवणेनं खडूनं खूण केली. दुसरं. तिसरं. उजेड जरा पिवळट होता, हलत होता. त्याला वाटलं, सेल उतरले असतील. या वायरमनला दहादा सांगितलं होतं की नवे सेल घाल.

"दिसलं?" पलीकडून आवाज. घसा बसलेला.

"दिसलं. पुढे."

"कुणी बुजवत नाही."

बुजवणेला हसू आलं. "तुलाही माझाच रोग लागला वाटतं. चल, पुढे घे."

सातही भोकं झाली. सगळी ठरल्याप्रमाणे. तो खाली उतरणार, तेवढ्यात आवाज आला, "अजून एक आहे."

"कुठे?"

"वर. बीमखाली. पत्र्याच्या मागे."

बुजवणे शिडीच्या शेवटच्या पायरीवर गेला. डक्ट आणि स्लॅब यांच्यात जेमतेम डोकं मावेल एवढी जागा. गाल पत्र्याला लावून त्यानं आत बघितलं.

होतं.

गोल. तळहाताएवढं. त्यातून ना पाइप, ना वायर. कधीकाळी कुठला तरी पाइप होता, तो काढला, आणि भोक राहिलं. त्यातून सरळ त्याच्या डोळ्यावर उजेड येत होता.

"हेच राहतं नेहमी," आवाज म्हणाला. आता अगदी जवळून.

"बरं झालं सांगितलंस. उद्या त्या ठेकेदाराच्या नाकावर..."

"फडकं राहत नाही इथं. सुकतं."

"कसलं फडकं?"

खोकला. लांबलचक.

तेव्हा खिशातला फोन थरथरला. बुजवणेनं एका हातानं काढला.

"साहेब," वायरमन. "वॉचमनला चावीच सापडत नाहीये हो. दहा मिनिटं झाली, खालीच उभा आहे. तुम्ही उतरा तोवर. चहा सांगू का?"

बुजवणेनं फोन कानाला तसाच धरला. समोर भोक. भोकात उजेड.

"साहेब?"

...

"पाणी," भोकातून आवाज आला. "ओलं लागतं."

...

आणि मग उजेड विझला नाही. झाकला गेला. कडेकडेनं, हळूहळू. पलीकडून कुणीतरी त्याच्यावर काहीतरी ठेवावं तसा. भोकातून बुजवणेच्या गालाला गार हवा लागत होती, ती थांबली. भिजलेल्या कापडाचा वास आला.

तो शिडीवरून कसा उतरला ते त्याला आजही सांगता येत नाही. शिडी आडवी पडली, मावशी जागी झाली, आणि म्हणाली, "आज खोकला कमी आहे नाही त्याचा?"

चावी सापडली. वायरमन आणि तो पलीकडे गेले. पलीकडे कुणी नव्हतं. टेबल नव्हतं. शिडी नव्हती. जमिनीवर सिमेंटची धूळ होती, साईसारखी सपाट, आणि त्या धुळीवर या दोघांची सोडून एकही पाऊल नव्हतं. वायरमननं टॉर्च वर मारली. पांढरा, कडक उजेड. पिवळा नव्हताच तो कधी. बीमखालचं भोक खालून दिसेना, आणि शिडी लावून वर चढायची छाती दोघांचीही झाली नाही.

सकाळी रात्रपाळीच्या आयाबाईंना त्यानं खडा टाकून बघितला. पंचवीस वर्षं तिथे काम केलेली बाई. ती म्हणाली, "मामा असतील."

फार वर्षांपूर्वी खाटा डाव्या बाजूला होत्या. रात्री आग लागली. रात्रपाळीला एकटा सेवक, त्याला सगळे मामा म्हणायचे. त्यानं खिळलेली सगळी माणसं एकेक करून उजवीकडे आणली, दार लावलं. पण धूर वरून येतच होता. अलीकडून भोकाला हात पोचेना, म्हणून मामा पलीकडे परत गेले. टेबलावर चढले आणि ओल्या चादरी त्या भोकात कोंबत राहिले. माणसं वाचली. मामा सकाळी टेबलापाशीच सापडले. "हात वर होता हो," आयाबाई म्हणाली, "खाली घेता येईना कुणाला."

"मग त्यानंतर तरी ते भोक बुजवलं की नाही?"

"छत लावलं ना खालून. मग दिसेनासं झालं."

बुजवणेला भीती वाटायला हवी होती. त्याला संताप आला. तो म्हणतो, रात्रीचा तो आवाज मी विसरेन एक वेळ, पण हे 'दिसेनासं झालं' विसरणार नाही. तडक ठेकेदाराला गाठलं.

"डक्टमागे भोक आहे. डक्ट उतरवा."

"कुणी बघितलं?"

"मी. पलीकडून उजेड आला."

"उजेड कुणी धरला होता?"

आता बोला. वायरमननं खाली बघितलं.

"नाही म्हणजे, पलीकडे कुलूप होतं म्हणे," ठेकेदार म्हणाला. "तर कागदावर काय लिहू, भुतानं दाखवलं म्हणून?" आजूबाजूचे चार जण हसले.

"मग पलीकडून शिडी लावून बघा ना. पाच मिनिटांचं काम आहे."

"पलीकडे आजच छत लागलं. यंत्रंही बसतायत. आता फोडाफोडी नाही."

बुजवणे तरीही सोडेना. स्वतः मालाची नळी घेऊन अलीकडून हात घालून बघितला. खांदा अडकायचा, बोटं वीतभर अलीकडे राहायची. काठीला नळी बांधून बघितली, माल सगळा डक्टवर सांडला, आणि ठेकेदारानं त्याचा फोटो काढून साहेबांना पाठवला. बघा तुमच्या माणसाचे उद्योग. साहेबांनी बोलावून घेतलं. तू थकलायस, म्हणाले. काही दिवस दुसरं काम बघ. आणि खुर्चीवर बसल्या बसल्या, फोटो बघून, सबंध भिंतीचं जजमेंट देऊन टाकलं. सात भोकांच्या फोटोवर आठव्याचं. त्या साहेबांनी स्वतःच बुजवणेला पहिल्या दिवशी शिकवलं होतं की एका जागेचं दुसऱ्या जागेला चालत नाही. कुणाला सांगणार आणि काय सांगणार?

राहिली मावशी. तिला म्हणाला, चल घरी, मी तुला पाठीवर घेऊन चढतो. तर ती ऐकेल तर शपथ.

"मला ही खिडकी आवडते. आणि तो खोकणारा आहे की सोबतीला. परवा मी भिंतीतून ओरडून सांगितलं त्याला, पाणी पी रे बाबा."

बुजवणेला हसावं की रडावं कळेना. रोज संध्याकाळी यायचा, तिच्यापाशी बसायचा आणि छताकडे बघत राहायचा. उद्घाटन झालं. हार झाले. ठेकेदारानं भाषणात सुरक्षिततेवर चांगली दहा मिनिटं घेतली.

पुढच्या हिवाळ्यात पहाटे वाळवायच्या यंत्रानं पेट घेतला. चादरींचे गठ्ठे पेटले. बुजवणेला फोन आला तेव्हा तो पायात काय घातलं ते न बघता पळाला. रस्ताभर त्याच्या डोळ्यांसमोर एकच होतं, ते गोल भोक, आणि तिथून चार पावलांवर मावशीची उशी. रिक्षावाल्याला म्हणत राहिला, धूर वरून येतो हो, वरून येतो.

डावा भाग दीड तास जळत होता. खिडक्यांतून ज्वाळा. आणि उजवीकडे... उजवीकडे काहीच नाही. धुराचा वाससुद्धा नाही. म्हातारी माणसं खाटांवर उठून बसलेली, आयाबाई चहा देतेय. मावशी झोपलेलीच होती. बुजवणेनं तिला हलवलं, नाकापाशी बोट नेलं. ती चिडली.

"काय रे? रात्रभर तो खोकत होता. आत्ता कुठे डोळा लागला होता माझा."

तो तिथेच, तिच्या खाटेच्या कडेला बसून रडला. ती त्याच्या टकलावरून हात फिरवत राहिली. त्याला काय झालंय ते तिला कळलं नाही, आणि सांगणार तरी कसं?

दुसऱ्या दिवशी ठेकेदार छाती काढून हिंडत होता. ते जजमेंट त्यानं काचेच्या चौकटीत घालून ऑफिसात लावलं. साहेबांनी बुजवणेच्या पाठीवर थाप मारली. "बघ. टिकली ना भिंत? उगाच जीव काढत होतास सगळ्यांचा." बुजवणेला ओरडावंसं वाटलं. पण टिकलेल्या भिंतीची तक्रार घेऊन माणूस जाणार कुणाकडे? आता तर ते त्या कागदाच्या प्रती काढून दुसऱ्या इमारतींना देणार होते. तसंच, न बघता.

तिसऱ्या दिवशी बंबवाल्यांनी आत जायला परवानगी दिली. बुजवणे वायरमनला घेऊन पलीकडे गेला. छत कोसळलेलं. यंत्रांचे सांगाडे. भिंत वरपासून खालपर्यंत काळी ठिक्कर, काजळीचा थर बोटभर. समोरची सातही भोकं ठीक होती, माल फुगून घट्ट बसला होता, जसा बसायला हवा तसा. त्यानं शिडी लावली. चढला. बीमखाली गेला.

आठवं भोक उघडं होतं.

त्यात काही नव्हतं. माल नाही. फडकं नाही. आरपार. त्यातून त्याला पलीकडच्या डक्टचा पत्रा दिसत होता, अगदी लखलखीत. दीड तासाची आग, आणि काजळीचा एक कण पलीकडे गेला नव्हता.

वायरमननं खालून टॉर्च मारली. "साहेब..."

भोकाभोवती भिंत पांढरी होती. नुसती पांढरी नाही. मनगट. तळवा. पाच बोटं, ताणून पसरलेली. बाकी सगळं काळं, आणि मधोमध हा एवढा पांढरा हात. भोक बरोबर तळव्याच्या जागी.

बुजवणेनं हात पुढे केला. बंबाचं पाणी केव्हाच सुकलं होतं, भिंत खडखडीत कोरडी होती. त्यानं त्या पांढऱ्या मनगटावर दोन बोटं टेकवली.

तेवढी जागा ओली होती.